उखर्डूचे कोपर

हिलाल नानांच्या घरी निवडणुकीची खबर सगळ्यात आधी बंदुकीला लागते. भोंग्याची गाडी गावात यायची असते, पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो खांबावर चढायचे असतात, त्याच्या आधीच पोलीस पाटील ओट्यापाशी मोटारसायकल उभी करतो आणि खाली न उतरता ओरडतो, "नाना, बंदूक जमा करनी शे!" ओरडतो, कारण हळू बोललेले नानांना कळत नाही.

ज्याच्याकडे परवान्याची बंदूक असेल त्याने ती निवडणूक होईपर्यंत ठाण्यात ठेवायची आणि निकाल लागल्यावर परत आणायची, असा रिवाज आहे. नानांची बंदूक वडिलांच्या वेळची, एकनळी, बारा बोरची. परवाना पिकाच्या राखणीचा. शेत बुराई नदीच्या काठाला. हरभऱ्यात रोही म्हणजे नीलगायी उतरतात, दादर ज्वारीत रानडुकरे घुसतात, त्यांना पळवायला हवेत एखादा बार काढायचा, एवढेच तिचे काम. आता तेही राहिलेले नाही. शेजारच्या शेतात बॅटरीवर ओरडणारा भोंगा लावला आहे, तो कधी कुत्रा होतो, कधी वाघ होतो, आणि डुकरे त्याच्याखालीच बसून भुईमूग खातात.

तरी नाना बंदुकीला खोबरेल लावतात. मंजुळाबाईंच्या जुन्या पातळाची खोळ शिवलेली आहे, तिच्यात घालतात, आणि शिंदखेड्याच्या एसटीत बसतात. त्या दिवशी ते दाढी करतात आणि धुतलेली टोपी घालतात. मंजुळाबाई म्हणतात, "ठाणाम्हान चाल्लात का पोरगी देखाले?"

मंजुळाबाईंना सगळे ठाऊक होते. नानांना ठाण्याची ओढ नव्हती, ठाण्याच्या व्हरांड्यातल्या बाकाची होती. त्या बाकावर दर निवडणुकीला तिघे जण भेटत. हिलाल नाना, मगन आणि उखर्डू अण्णा. मगन भुसावळच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत जन्म काढून रिटायर झाल्यावर नदीपलीकडच्या आपल्या गावी परत आलेला. उखर्डू अण्णांचे शेत नानांच्या बांधाला लागून. तिघेही एका वयाचे. पोरवयात एकाच बंदुकीवर शिकलेले आणि त्याच बंदुकीने खांदे काळेनिळे करून घेतलेले.

बाकावर बसायची त्यांची एक रीत होती. ती कोणी ठरवली नव्हती, कानांनी ठरवली होती.

उजव्या खांद्याला बंदूक लावली की डावा कान नळीच्या बाजूला येतो आणि उजवा खांद्याच्या आडोशाला राहतो. कानात कापसाचा बोळा घालायची तेव्हा कोणाला अक्कल नव्हती, आणि असती तरी कोणी घातला नसता. त्यामुळे नानांचा डावा कान गेला, मगनचाही डावाच गेला. उखर्डू अण्णा डावखोरा. त्याचा उजवा गेला. म्हणून भिंतीला पाठ लावून बसताना डाव्या टोकाला मगन, मधे नाना, उजव्या टोकाला उखर्डू. मगनचा चांगला कान दोघांकडे. उखर्डूचा चांगला कान दोघांकडे. नानांचा चांगला कान मात्र फक्त उखर्डूकडे. मगन बोलला की ते नानांच्या मेलेल्या कानावर पडे. मग नाना उखर्डूकडे वळून विचारीत, "मगन काय म्हणस?" आणि उखर्डू सांगे.

उखर्डू जे सांगे ते मगन बोललेला असेच, असे नव्हते.

मागच्या निवडणुकीला मगन म्हणाला, "हिलालनी बंदूक पोलीस काबरं जमा करतस? तिना घोडा गंजी गया. ती भंगारवालाले दी टाका."

"मगन काय म्हणस?" नानांनी विचारले.

उखर्डू गंभीर तोंड करून म्हणाला, "मगन म्हणस, हिलाल दुबळा व्हई गया. मंजुळा वहिनी त्याले तूप वाढत नही."

नाना भडकले. "तुले काय करनं रे मगन? तुनी सून तुले ताक तरी देस का?"

मगन दचकला. "आरे, मी तूपनं नाव तरी लिधं का?"

आणि उखर्डू भिंतीला टेकून खांदे हलवत हसायला लागला. आवाज नाही, नुसते खांदे. ड्युटीवरची पोलीस पोरगी दारातून डोकावून म्हणाली, "आजोबा, बंदुका आत द्या आणि मग भांडा."

गोष्टी त्याच त्या असत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघर नवे माठ येत, आणि जुनी मडकी हे तिघे गोळा करून नदीच्या वाळूत रांगेने मांडीत आणि फोडीत. एका आखाजीला मगनने सगळी मडकी सोडली आणि बाजूला सावलीत ठेवलेला पिण्याच्या पाण्याचा भरलेला माठ फोडला. भर उन्हात तिघे तहानेने व्याकूळ झाले होते. ही गोष्ट उखर्डू दर निवडणुकीला सांगे, आणि दर वेळी तो माठ थोडा आणखी लांब जाई. शेवटी शेवटी तो नदीच्या पलीकडच्या थडीला पोहोचला होता.

"इतला लांबना माठ फोडा म्हणजे नेम चांगलाच शे ना मना," मगन म्हणे.

"नेम चांगला शे, डोळा कोठे व्हता ते सांग," उखर्डू म्हणे. "भुसावळले जिंदगीभर गोळीस्न्या पेट्या ठोक्यात. मगननी गोळी आजून पेटीम्हानच शे."

तरुणपणी तिघांनी तितर मारले होते. खोटे कशाला सांगायचे. मग कायदा आला आणि मारणे बंद झाले. मारणे बंद झाले, पण जाणे बंद झाले नाही. आधी मगनची नोकरी लागली आणि तो सुटीपुरता राहिला. नाना आणि उखर्डू मात्र थंडीच्या दिवसांत उजाडायच्या सुमाराला बांधावर जाऊन बसत. सोबत बंदूक असे, कारण बंदूक असली की माणूस राखणीला आला आहे असे दिसते. नुसतेच दोन म्हातारे पहाटे बांधावर बसले तर लोक विचारतात, काय झाले, घरात भांडण झाले का?

खाली नाल्यात बोरीचे जाळे होते. त्याच्याखालून तितर बोले. आधी एक जण बारीक आवाजात सुरुवात करी, मग दुसरा त्याच्यावर चढे, आणि मग सगळा नाला क-तितर, क-तितर करून उठे. उखर्डू म्हणे तो बोलतो, 'तुना तितर, मना तितर.' वाटणी करतो म्हणे, दोघा भावांसारखी, आणि वाटणी काही मिटत नाही म्हणून रोज ओरडतो.

बांधावरही उखर्डू नानांच्या उजव्या हाताला बसे. तितर बोलला की तो तोंडाने काही सांगत नसे. डाव्या हाताचे कोपर हळूच नानांच्या बरगडीत मारी. कोपर लागले की नाना मान हलवीत. बोलला. दोघे खाली नाल्याकडे बघत बसत. मग ऊन वर आले की उठत. या सगळ्यात बोलण्यासारखे काही नव्हते, आणि ते बोलतही नसत.

गेल्या वैशाखात, आखाजी झाली आणि चार दिवसांनी उखर्डू अण्णा गेला. दुपारी जेवला, खाटेवर आडवा झाला, तो उठलाच नाही. नानांनी खांदा दिला. उजवा. बंदुकीने काळा पडायचा तोच.

पावसाळा गेला. कपाशी वेचून झाली. थंडी पडली तसे नाना सवयीने बांधावर जाऊन बसले. पहिल्या दिवशी तितर बोलला नाही. नानांना वाटले, वारा आहे. दुसऱ्या दिवशी वारा नव्हता. तरी बोलला नाही. मग नाना रोज जाऊन बसू लागले, आणि रोज नाला मुका. बोरी तशाच होत्या. धुके तसेच नदीवरून उठत होते. ऊन बाभळीवरून उतरून त्यांच्या डोळ्यांत यायचे तसेच येत होते. फक्त त्या सगळ्यातला आवाज कोणी काढून नेला होता.

नानांनी हे कोणाला सांगितले नाही. मनाशी मात्र त्यांनी धरून ठेवले, की अण्णा गेला आणि तितरही गेले.

अशात पोलीस पाटील येऊन ओरडून गेला.

नाशिकहून मुलाचा, अमृतचा, फोन आला. फोनवर नाना बोलत नसत, मंजुळाबाई ऐकत आणि मोठ्याने सांगत. "अमृत म्हणस, बंदूक आते कायमनी दी टाका. वय व्हयनं. डोळा दिसत नही, कान आयकत नही. कोनले काय लागनं म्हणजे?"

पोराचे खोटे नव्हते. पण रात्रभर त्यांच्या मनात ते फिरत राहिले आणि सकाळी दाढी करताना त्यांनी आरशात बघून ठरवून टाकले. बंदूक आज जमा करायची. निकाल लागेपर्यंत रोज बांधावर जायचे. एकदा तरी तितर ऐकू आला तर बंदूक घरी आणायची आणि मरेपर्यंत बांध सोडायचा नाही. नाही आला, तर बंदूक ठाण्यातच देऊन टाकायची. मग बांधावर बसायला निमित्त उरणार नाही, आणि निमित्त नसले की माणूस घरात बसतो. बसू घरात. एकदा ऐकायचा होता, बस.

ठाण्याच्या बाकावर मगन आधीच आला होता. डाव्या टोकाला, आपल्या जागी. नाना त्याच्या शेजारी बसले, मधे, आपल्या जागी. उजव्या टोकाची जागा मोकळी राहिली. दोघांनीही तिकडे पाहिले नाही.

मगन काहीतरी बोलला.

"काय म्हणस?" नानांनी सवयीने उजवीकडे वळून विचारले. उजवीकडे भिंतीवर हरवलेल्या माणसांचे फोटो लावलेले होते.

नाना परत डावीकडे वळले. "काय म्हणना?"

मगनने पुन्हा सांगितले. नानांनी मान इतकी वळवली की टोपी पडली. मग ते उठून मगनच्या डाव्या बाजूला जाऊन बसले. आता नानांना मगनचे ऐकू येऊ लागले, पण मगनला नानांचे ऐकू येईना. दोघांनी जागा बदलल्या, आणि जे आधी होते तेच झाले. मगन वैतागला. "आपला दोन्हीसना एकच कान शे रे. दुसरा तो लई गया."

मग नानांना काय सुचले कोण जाणे, मगनला उठवून त्यांनी बाक भिंतीपासून थोडा पुढे ओढला, पाय बाकावरून पलीकडे टाकले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मगन रस्त्याकडे तोंड करून. आता दोघांचे उजवे कान एकमेकांना लागले.

"आयकू येस का?" मगन म्हणाला.

"येस."

"मंग आते सांग, तुना घर तूप शे का नही?"

नाना हसले. उखर्डू गेल्यावर पहिल्यांदाच हसले असतील. ड्युटीवरची पोरगी बाहेर आली, एक म्हातारा रस्त्याकडे आणि एक भिंतीकडे बघत गप्पा मारतो आहे हे तिने पाहिले, आणि काही न विचारता आत गेली.

"मगन," नाना भिंतीला म्हणाले, "तितर बोलत नही आते."

"मनाकडे बी बोलत नही," मगन रस्त्याला म्हणाला. "किती साल व्हई ग्यात. मी भुसावळहून उनू तव्हयपाईन एक दिन आयका नही."

"काय व्हई?"

"फवारा. आखो काय? कपाशीवर इतला फवारतस, पाखरू जगी का? आणि ते जेसीबी. नाला बठ्ठा कोरी टाका."

"मना नाला कोन्ही कोरा नही."

"मंग कुत्रा व्हतीन."

फवारा, जेसीबी, कुत्री, मोबाइलचे टॉवर, पलीकडच्या माळावरची सौरऊर्जेची काचेची शेते, सगळ्यांवर दोष टाकून झाला. एवढे सगळे मिळून तितर गेले हे दोघांना पटले आणि जीव आणखीच उदास झाला. बंदुका आत देऊन ते उठले. जाताना नानांनी बाकाच्या उजव्या टोकावरची धूळ टोपीने झटकली.

त्यानंतरही नाना रोज बांधावर जात राहिले. अमृतने घेऊन दिलेले कानाचे मशीन फडताळात पडून होते. ते लावले की मंजुळाबाईंची भांडी बंदुकीच्या बारासारखी वाजत, म्हणून नाना ते लावीत नसत. एके दिवशी त्यांनी ते काढले, उजव्या कानात घातले आणि बांधावर जाऊन बसले.

मशीनमधून आधी वारा आला. मग सदऱ्याची कॉलर कानाला घासली ती आली. मग लांबच्या रस्त्यावरची एसटी आली, तिचा गिअर पडला तेसुद्धा आले. नाना श्वास धरून बसले. आपलाच श्वास मोठा होऊन कानात येत होता. ऊन बाभळीवरून उतरले, डोळ्यांत आले. तितर काही आला नाही.

मंजुळाबाई हरभऱ्याची भाजी खुडायला आल्या होत्या. पदराच्या ओट्यात भाजी घेऊन त्या बांधावर चढल्या आणि नानांचे तोंड पाहून थांबल्या.

"काय व्हयनं?"

नानांनी मशीन काढून हातात घेतले. "तितर ग्यात वं मंजुळा. बठ्ठा ग्यात. उखर्डूसंगे ग्यात."

मंजुळाबाई बघतच राहिल्या. "कोठे ग्यात? आते तर बोलना."

"कव्हय?"

"आते. त्या बोरीखाल. सकायपाईन कान खाई राहिनात."

नाना नाल्याकडे बघू लागले. बोरीचे जाळे होते, त्यावर कोळ्याची जाळी दवाने भिजून चमकत होती.

"आते बी?" त्यांनी विचारले.

"आते बी."

"मंग माले काबरं आयकू येत नही?"

मंजुळाबाईंनी ओट्यातली भाजी उगीच वरखाली केली. मग हळू म्हणाल्या, आणि हळू म्हणाल्यामुळे नानांना ते ओठांवरून समजून घ्यावे लागले. "तुमले घरमां परात पडनी तरी आयकू येत नही. तितर कोठेन आयकू येई?"

"पन मांगला साले येत व्हता. अण्णा व्हता तव्हय रोज आयका मी. रोज."

मंजुळाबाई नानांच्या उजव्या बाजूला गेल्या, वाकल्या, आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन तितरासारखे बोलल्या. क-तितर, क-तितर. बायको म्हातारी, दात पडलेले, आवाज फुटलेला. नाना हसले आणि त्यांनी मान हलवली. पण ती मंजुळा होती. तितर नव्हता.

म्हणजे तितर गेले नव्हते. आपला कान गेला होता. मशीनने एसटीचा जाड आवाज आणला, पण लांबच्या पाखराचा बारीक आवाज धरायला कानात काही उरलेच नव्हते. मग गेल्या हिवाळ्यात कसे ऐकू येत होते? घरी येईपर्यंत नानांनी त्याचा अर्थ लावला. उखर्डूला ऐकू यायचे. त्याचा डावा कान चांगला होता. तो ऐकायचा, कोपर मारायचा, आणि कोपर लागले की आपल्या डोक्यात साठ वर्षांचा साठलेला तितर बोलायचा. आपण ऐकत होतो ते त्याच्या कानाने. आता तो कान सरणावर गेला. हे कळल्यावर नानांना उखर्डूची अशी काही आठवण आली की त्यांनी भाकर अर्धी ठेवली. त्या एका चांगल्या कानासाठी ते आता काहीही द्यायला तयार होते.

निकाल लागला. गुलाल उडाला. नाना शिंदखेड्याला निघाले तेव्हा त्यांच्या मनाने घेतलेलेच होते. बंदूक आणायची नाही. मंजुळाबाईंना त्यांनी सांगितले, "खोळ ठेव, पातळनी शे. चिंधीले कामी पडी."

बाकावर मगन होता. आणि उजव्या टोकाला, उखर्डूच्या जागी, त्याचा मुलगा प्रेमराज बसला होता. दोंडाईच्याला त्याचे पंपाच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचे दुकान आहे. बापाची बंदूक कायमची जमा करायच्या कामासाठी आला होता. आपण कोणाच्या जागी बसलो आहोत हे त्याला माहीत नव्हते, आणि नानांना ते बरे वाटले. नाना मधे बसले. उजवा कान प्रेमराजकडे.

"कसे आहात नाना?" प्रेमराजने विचारले. तो शहरासारखे बोले.

"बरं शे." मग थोडे थांबून नाना म्हणाले, "प्रेमराज, तुना बापना कान लई चांगला व्हता भो. डावा. मरेपर्यंत चांगला व्हता."

प्रेमराज हसला. "कोणाचा, अण्णांचा? नाना, अण्णांना शेवटी काहीच ऐकू यायचं नाही. धुळ्याच्या डॉक्टरने दोन्ही कान तपासले. दोन-तीन वर्षं झाली असतील. आम्ही हातवारे करून सांगायचो सगळं."

"नही," नाना म्हणाले. "त्याले तितर आयकू येत व्हता. मना आधी येत व्हता. तो माले कोपर मारे."

"तितर?" प्रेमराज थोडा गोंधळला. मग त्याला आठवले. "हां, ते म्हणायचे. बांधावरून आले की म्हणायचे, हिलालला अजून तितर ऐकू येतो. नशीबवान आहे. मला येत नाही, पण त्याच्या तोंडावर बरोबर दिसतं. तितर बोलला की हिलाल डोळे बारीक करतो. मग मी कोपर मारतो, म्हणजे त्याला वाटतं मलाही ऐकू येतं. नाहीतर त्याला एकट्याला ऐकायला वाईट वाटेल, असं म्हणायचे."

नानांना तो बांध दिसू लागला. बाभळीवरून ऊन उतरायचे. थेट डोळ्यांत यायचे. नाना डोळे बारीक करायचे. उखर्डू ते बघायचा आणि कोपर मारायचा. कोपर लागले की नानांच्या डोक्यात तितर बोलायचा. आणि खाली बोरीखाली खरा तितर घसा फोडून ओरडत असायचा, आणि वर बसलेल्या दोघांपैकी एकालाही तो ऐकू येत नसायचा.

"हिलाल, तो काय म्हणस?" मगनने डावीकडून विचारले. प्रेमराज नानांच्या कानाशी वाकून बोलत होता, मगनपर्यंत ते पोहोचले नव्हते. नानांना विचारलेलेही समजले नाही. मगनने त्यांचा सदरा ओढला. "आरे, काय म्हणना तो?"

नाना वळले. त्यांचे डोळे भरले होते आणि खांदे हलत होते. मगन घाबरला, त्याला वाटले म्हातारा रडतो आहे. पण नाना हसत होते, उखर्डूसारखे, आवाज न करता. हसता हसता रडतही असतील. म्हाताऱ्या माणसाचे काही सांगता येत नाही.

"काय म्हणना?"

"तो म्हणस," नाना म्हणाले, "मगनले तूप वाढा."

आतून पोरगी बाहेर आली. "हिलाल नाना, तुमची परत न्यायची ना? की तुमचीही कायमची जमा?"

"लई जाऊ," नाना म्हणाले. आणि मग आठवून म्हणाले, "खोळ घरी राही गयी."

बंदूक त्यांनी मगनच्या उपरण्यात गुंडाळून नेली.

दोन दिवसांनी मगन पहाटेच्या एसटीने नानांच्या फाट्यावर उतरला. नानांनी त्याला बांधावर नेले. मगन उगवतीकडे तोंड करून बसला. नाना त्याच्या उजव्या हाताला, गावाकडे तोंड करून. मांडीवर पातळाच्या खोळीतली बंदूक. ऐकायचा उजवा कान मगनकडे आणि उजवे कोपरही मगनकडे.

"गारठा शे," मगन म्हणाला.

"शे."

"उखर्डू आठेच बसे का?"

"तू बठेल शे तठे मी. मी बठेल शे तठे तो."

मगनने जागेकडे एकदा पाहिले आणि उपरणे कानांवरून घेतले. मग त्याचा काही उपयोग नाही हे लक्षात येऊन ते खाली ओढले.

गावाकडे तोंड असल्यामुळे नानांना सूर्य दिसत नव्हता. पण गावच्या पाण्याच्या टाकीवर ऊन पडलेले दिसले. टाकीवरून ते निंबाच्या शेंड्यावर उतरले. निंबावरून कौलांवर. आता ते मगनच्या डोळ्यांत गेले असेल. नानांनी मान वळवून पाहिले. मगन डोळे बारीक करून नाल्याकडे बघत होता.

नानांनी कोपर मारले.

मगनने मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाला, "बोलना."

"बोलना."

मंजुळाबाई चहाची किटली आणि कप घेऊन बांधावर आल्या. दोघांची तोंडे पाहून त्यांनी विचारले, "काय देखी राहिनात?"

"तितर बोलना वहिनी," मगन म्हणाला.

मंजुळाबाई थबकल्या. त्यांनी नाल्याकडे कान दिला. "नही हो भाऊ. आज आजून बोलना नही तो."

मगनने मोठ्या काळजीने मान हलवली. "हिलाल, वहिनीले धुळाले लई जाय. कान तपासी लेवा पडीन."

मंजुळाबाईंनी नानांकडे पाहिले, नानांनी त्यांच्याकडे. मग त्या खाली बसून कपात चहा ओतू लागल्या. पहिला कप भरला, दुसरा अर्धा झाला, आणि किटली धरलेला त्यांचा हात हवेतच थांबला. मान जराशी नाल्याकडे कलली.

नानांनी तो थांबलेला हात पाहिला, आणि मगनच्या बरगडीत पुन्हा एकदा कोपर मारले.